जेवढ्यास तेवढं

९ जानेवारी

झाल्या एकदाच्या सह्या! आम्ही जेवढे पैसे जमवू तेवढेच मोठी संस्था वरून घालणार. एकाचे दोन! सही करताना सरांनी पेन उलटं धरलं. आयुष्यभर मुख्याध्यापकी केलेला माणूस, आणि परीक्षेला बसलेल्या पोरासारखा सारखा घाम पुसत होता.

मोठ्या संस्थेकडून जो आला होता त्याचं नाव मी मनातल्या मनात इस्त्री ठेवलंय. शर्टाला कडक इस्त्री आणि बोलण्यालाही. कुठे सुरकुती म्हणून नाही. ‘परदेशातल्या वंचित मुलांसाठी दोन संस्थांची भागीदारी’ – हे त्याच्या प्रत्येक दुसऱ्या वाक्यात. आमची संस्था म्हणजे काय, तर टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या, अध्यक्ष म्हणून सर, बाकी सगळं म्हणून मी, आणि अधूनमधून उगवणारा हिशेबनीस. पण भागीदारी ती भागीदारी!

जिना उतरताना सर म्हणाले, "आता खाणीवरच्या शाळेला मरण नाही."

घरी आईला सांगितलं. तिचं आपलं निराळंच. "एकाचे दोन कुणी उगाच करत नाही. अट काय आहे ते बघितलंस का?"

बघितलीय. मोहीम पुरी होईपर्यंत जमलेल्या पैशाला हात लावायचा नाही. ठरलेला आकडा गाठला तर दुप्पट, नाही गाठला तर ज्याचे त्याला परत. एप्रिल अखेरपर्यंतचाच तर प्रश्न आहे.

१२ जानेवारी

आज फोटो निवडायला बसलो. मागच्या वर्षी खाणीवर गेले होते तेव्हा काढलेले सगळे पडद्यावर लावले. डोंगर अर्धा कापलेला, जिकडेतिकडे पांढरी धूळ. माणसं पांढरी, कुत्री पांढरी. आणि मधेच ती पत्र्याची खोली – आपली शाळा. मुलं सकाळपासून दुपारपर्यंत खोलीत असली की तेवढा वेळ दगड फोडायला खाली उतरत नाहीत. सगळ्या शाळेचं सार एवढंच. अक्षरं येतात ती वर.

इस्त्रीने भिंगरीचा फोटो उचलला. तिचं खरं नाव माझ्या जिभेला वळत नाही, आणि ती एका जागी ठरत नाही, म्हणून भिंगरी. प्रत्येक फोटोत काहीतरी उद्योग. जीभ काढलीय, शाळेतल्या बाईंच्या डोक्यामागे शिंगं धरलीत, उलटी लोंबकळतेय. एकाच फोटोत शांत. डोळे भरलेले, ओठ जरासे उघडे.

"हा!" इस्त्री म्हणाला. "यात वेदना आहे."

वेदना कसली! शिंक येत होती तिला. पुढच्याच क्षणी अशी काही शिंकली की माझ्या कॅमेऱ्यावर तुषार. मी सांगितलं तसं. तो हसला. "लोकांना कुठे कळतंय?"

सरही हसले. मीसुद्धा.

३० जानेवारी

शहरभर लागली भिंगरी. बस थांब्यांवर, दवाखान्यात, पोस्टाच्या दारात. नाव तिचं नाही, उच्चारायला सोपं असं कुठलंतरी दिलंय. वाढदिवससुद्धा दिलाय! एप्रिलमधला. मोहिमेच्या शेवटी बरा पडतो म्हणे.

कचेरीत सरांनी भिंतीवर फळा लावलाय. त्यावर उभी लाल पट्टी, रोज थोडी वर चढवायची. सर स्वतः खडूने चढवतात. पट्टी जराशी वाकडीच चाललीय.

६ फेब्रुवारी

तिकडच्या बाईंचा फोन. आमची दोघींची एक मोडकीतोडकी तिसरीच भाषा आहे, तिच्यात भागवतो. या महिन्याचे पैसे पोचले नाहीत म्हणाल्या. त्यांचा पगार राहू दे, पण खोली खाणमालकाची, भाडं थकलं की तो गप्प बसणारा माणूस नाही.

दर महिन्याला आम्ही पाठवायचो ते येणाऱ्या देणग्यांतून. आता देणगी म्हणून जे येतं ते सगळं मोहिमेच्या खात्यात जातं, आणि खात्याला हात लावायचा नाही! हे माझ्या डोक्यात आधी का आलं नाही? सरांच्या का नाही?

इस्त्रीला फोन केला. अगदी मऊ आवाजात म्हणाला, "नियम सगळ्यांना सारखा आहे. त्यातलं काही वापरलंत तर आमचा वाटा रद्द होतो. थोडी कळ काढा."

आम्ही काढू हो कळ. आम्हाला काय जातंय!

९ फेब्रुवारी

सरांनी स्वतःचे घालून भाडं पाठवलं. सरांच्या बायकोला माहीत नाही.

१७ फेब्रुवारी

भाडं उशिरा पोचलं. मालकाने खोलीला कुलूप घातलं ते घातलंच, आता जास्त मागतोय. शाळा बंद. ‘तात्पुरती’ असं मी इस्त्रीला कळवायच्या मजकुरात लिहिलं. हा शब्द मला फार लवकर सुचला.

बाई म्हणाल्या, "मुलं पहिले दोन दिवस कुलपासमोर येऊन बसली. आता येत नाहीत."

कुठे जातात, ते मी विचारलं नाही.

२१ फेब्रुवारी

पट्टी निम्म्याच्या वर गेली. सरांनी टाळ्या वाजवल्या, मग स्वतःच थांबले.

६ मार्च

भिंगरी गेली.

७ मार्च

काल एवढंच लिहून वही मिटली. आज लिहायला हवं.

कड कोसळली. खालच्या अंगाला आईबरोबर खडी भरत होती. आई पाटी रिकामी करायला वर आली होती म्हणून वाचली. बाईंनी हे अगदी सावकाश सांगितलं, कारण आमच्या त्या तिसऱ्या भाषेत ‘कड’ला शब्द नव्हता. त्या हाताने दाखवायला लागल्या. फोनवर! मला दिसतंय की काय! "डोंगराचा तुकडा," म्हणाल्या शेवटी. "वरचा. सैल झालेला."

केव्हा झालं, विचारलं.

"सकाळी. वर्गाच्या वेळेला."

माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी नीट खाली ठेवला, विसळला, जागेवर लावला. एवढं सगळं नीट करता येतं माणसाला.

खाणमालक म्हणतोय, मुलगी आमच्याकडे कामाला नव्हतीच, खेळायला आली असेल.

८ मार्च

बैठक. सर, मी, इस्त्री.

सर चष्मा काढून पुसत राहिले. इस्त्रीलाही धक्का बसला होता, खोटं कशाला बोलू. पाणी मागितलं त्याने. मग म्हणाला, "अत्यंत वाईट झालं." मग पेला खाली ठेवून, "मोहीम संपेपर्यंत मात्र हे या खोलीबाहेर जाऊ नये."

मी म्हटलं, "तिचा चेहरा सगळीकडे आहे!"

"म्हणूनच," तो म्हणाला. "आता काढला तर लोक विचारतील. कळलं तर पैसे मागे घेतील. आकडा गाठला नाही तर आमचाही वाटा जाईल. मग शाळा कधीच उघडणार नाही. तुम्हीच सांगा मला काय करायचं."

सांगता आलं असतं तर! त्याच्या बोलण्यात कुठेही चूक सापडत नाही, तेच सगळ्यात भयंकर आहे.

शेवटी मी बाईंना फोन लावला. मला वाटलं होतं, त्या चिडतील, म्हणतील उतरवा तिला भिंतीवरून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सांगू नका. बाकीची मुलं अजून रोज खालीच उतरतात."

१० मार्च

बस थांब्यावर तिच्याकडे पाठ करून उभी राहिले. समोरच्या बाजूलाही तीच.

१५ मार्च

पैसा नुसता धो धो येतोय. पट्टी चढवायला सर आता जागेवरून उठत नाहीत. हिशेबनीस चढवतो. त्याला माहीत नाही, तो शीळ घालत चढवतो.

नवऱ्याला सांगितलं सगळं. आधी ऐकत राहिला. मग म्हणाला, "तू थोडीच दगड ढकललास?"

"नाही. मी फक्त शाळा बंद असताना पोस्टर लिहीत होते."

"अगं, तू नसतीस तर दुसऱ्या कुणी लिहिलं असतं."

हे ऐकून बरं वाटावं असं त्याला वाटत होतं. चांगला आहे तो. मी जेवणाचं ताट तसंच उचलून ठेवलं तर काही न बोलता माझ्या वाटची भांडी त्याने घासली. आई आतून म्हणाली, "तिला बोलू नकोस, रडू दे." पण रडूही येत नाही. अंगात सगळं धुळीने भरल्यासारखं झालंय.

२२ मार्च

इस्त्रीला देणगीदारांसाठी एक मजकूर हवाय. छोटासाच. ‘तिच्या आवाजात’.

मी म्हटलं, मी नाही लिहिणार.

तो म्हणाला, "दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलं तर तो तिला ओळखत नसेल. तुम्ही निदान ओळखत होतात."

होतात. बोलताना काळ बरोबर वापरला त्याने. मजकुरात मात्र वर्तमानकाळ पाहिजे.

२३ मार्च

लिहिलं. ‘मला शाळा आवडते. मला मोठेपणी बाई व्हायचंय.’

लिहून दिलं मी! भिंगरीला बाई नव्हतं व्हायचं. तिला ट्रक चालवायचा होता. खाणीवर खडी न्यायला येतो तो, कारण त्याचा भोंगा फार मोठा होता. हात स्टिअरिंगवर असल्यासारखे धरून सगळ्या शाळेभर पळायची. मी ते का नाही लिहिलं? निदान ते तरी खरं झालं असतं.

इस्त्रीचं उत्तर आलं, ‘सुंदर. मनाला भिडणारं.’

२९ मार्च

काही नाही. कचेरी, घर. घर, कचेरी. आई म्हणते, डॉक्टरला दाखव. काय दाखवू?

४ एप्रिल

आज सरांच्या घरी गेले. आजारी आहेत म्हणून कळलं. आजारी नाहीत. खिडकीशी बसले होते. त्यांच्या जुन्या शाळेतल्या एका मुलाची गोष्ट सांगत बसले, कधीकाळी पटावरून ज्याचं नाव कमी करावं लागलं होतं. मधेच थांबून म्हणाले, "इथे बसून तिथल्या पोरांचं भलं करायला निघालो आपण. फार लांब आहे गं ते. हात पोचत नाही आणि धक्का मात्र पोचतो."

त्यांच्या बायकोने चहा आणला. तो गार झाल्यावर आम्ही दोघं प्यायलो.

११ एप्रिल

बाईंशी बोलले. मुलं खाणीतच. एकाच्या पायाला लागलंय, फार नाही. भिंगरीच्या आईबद्दल विचारलं. "कामाला जाते," म्हणाल्या. "न जाऊन काय करेल?"

मग म्हणाल्या, "तुमचं पुरं होत आलं ना?"

होत आलंय. पट्टी वरच्या रेघेला टेकायला बोटभर उरलीय.

१८ एप्रिल

हे सगळं नीट लिहून ठेवते, कारण उद्या मला स्वतःलाच पटणार नाही.

दुपारी कचेरीत एक वर्ग आला. खरंच, अख्खा वर्ग! दुसरी की तिसरीची मुलं, शिक्षिका सोबत. जिन्यावर एवढा धडधडाट झाला की खालचा टायरवाला बाहेर येऊन बघायला लागला. खाऊचे पैसे जमवून त्यांनी दिले होते आम्हाला. आणि आज – तो खोटा वाढदिवस आज होता! मी विसरले होते. कुणी विसरलं नव्हतं, फक्त मी.

मोठ्ठं शुभेच्छापत्र केलेलं. प्रत्येकाने त्यावर हाताचा रंगीत ठसा उमटवलेला. दोघे मुलगे ते दोन बाजूंनी धरून उभे. शिक्षिका म्हणाली, "आम्हाला हे तिला पाठवायचंय. आणि मुलांना काही विचारायचंय, चालेल ना?"

इस्त्री होता. तो म्हणाला, "हो, विचारा ना!" आणि माझ्याकडे बघितलं.

एकाने विचारलं, तिच्याकडे कुत्रा आहे का. मी म्हटलं, शाळेबाहेर बसतो एक, पांढरा. दुसऱ्याने विचारलं, ती कुठल्या खेळात पटाईत आहे. मी म्हटलं, पळापळीत. हे जमत होतं. खोटं नव्हतं.

मग पुढे उभी होती ती एक बारकी. गुडघ्याला पट्टी, पुढचे दात नाहीत. "फोटोत ती रडतेय. आता ती हसते का?"

इस्त्री म्हणाला, "तुमच्यामुळे हसते!"

पण ती माझ्याकडेच बघत होती. उत्तर तिला माझ्याकडून हवं होतं.

मी खाली बसले तिच्यासमोर. म्हटलं, "ती त्या फोटोत रडत नव्हती गं. तिला शिंक येत होती. ती सारखी हसायची. मी पाहिलेल्या सगळ्या मुलांत जास्त हसायची."

"हसायची?" ती म्हणाली.

मुलांना काळ बरोबर कळतो.

"हो," मी म्हटलं. "ती आता नाही. शाळा बंद होती, म्हणून ती खाणीत गेली. वरून दगड आले. मार्चमध्ये."

खाली हातोड्याने टायर ठोकल्याचा आवाज तेवढा येत होता. शिक्षिकेने तोंडावर हात घेतला. त्या बारकीने शुभेच्छापत्राकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मग आता हे कुणाला द्यायचं?"

तेव्हा रडू आलं. दीड महिना अडकलेलं सगळं, त्या परक्या पोरांच्या देखत!

१९ एप्रिल

पालकांकडून पालकांकडे, तिथून बातमीदाराकडे. कचेरीतला फोन थांबत नाही. "तुम्हाला लाज नाही का?" – एका बाईने विचारलं. आहे, म्हटलं. तिने फोन आपटला.

२० एप्रिल

इस्त्री आला. पहिल्यांदा त्याचा शर्ट चुरगळलेला पाहिला. ओरडला नाही. म्हणाला, "आमच्याकडून वाटा रद्द झालाय. लोकांचे पैसे परत करावे लागतील. तुम्हाला मोकळं वाटावं म्हणून किती मुलांची किंमत दिलीत तुम्ही?"

मी मान खाली घालून ऐकलं. दारापर्यंत जाऊन परत वळला. "मलाही मुलगी आहे हो," म्हणाला, आणि गेला.

त्याचा राग करता आला असता तर किती सोपं होतं.

२२ एप्रिल

बाई फोन उचलत नाहीत.

२४ एप्रिल

उचलत नाहीत. त्यांनी एकच गोष्ट मागितली होती माझ्याकडे.

सरांनी फळा पुसला. मला एका शब्दाने बोलले नाहीत. ओल्या फडक्याने पुसूनही पट्टीची लाल छटा राहिलीच. "खरं बोललीस ते बरं झालं," एवढंच म्हणाले. मग फडकं पिळता पिळता, "पण त्या पोरांना खरं खाता येत नाही."

२८ एप्रिल

शहरभर भिंगरीला उतरवताहेत. आज पोस्टाच्या दारात एक माणूस शिडीवर चढून पातीने खरवडत होता. आधी कपाळ गेलं, मग डोळे. मी मागितला असता तर दिला असता त्याने अख्खा कागद. मागितला नाही. उभी राहून सगळं बघितलं. तेवढं तरी करायला हवं होतं.

३० एप्रिल

मुदत संपली. दोन्ही खोल्या रिकाम्या करायच्या आहेत. खुर्च्या टायरवाला घेतोय.

बाईंना शेवटचा निरोप ठेवला फोनवर. काय बोलले ते आठवत नाही. ‘क्षमा’ला आमच्या त्या भाषेत शब्द आहे, पण फार छोटा आहे.

२ मे

आई म्हणाली, "ऊठ, अंघोळ तरी कर." केली.

७ मे

बाईंचा फोन! भांडी घासत होते, तशाच ओल्या हाताने घेतला.

"इतके दिवस उचलला का नाहीत?"

"खाणीच्या तोंडाशी फोन लागत नाही," म्हणाल्या. तिथेच होत्या त्या. भिंगरीची आई एका सकाळी पाटी न घेता गेली आणि कड कोसळली त्या जागी जाऊन बसली. उठवलं तर उठेना. दुसऱ्या दिवशी आणखी काहीजणी. मग सगळ्याच. एकीनेही हातोडी धरली नाही. मालकाने माणसं पाठवली, पाणी तोडलं. ट्रक रिकामे परत जायला लागले तेव्हा स्वतः आला. मुलं खाली उतरणार नाहीत, खोली उघडी राहील – सगळ्यांच्या समोर वदवून घेतलं त्याच्याकडून.

मी म्हटलं, "बाई, आमच्याकडून आता काहीच येणार नाही. सगळं बुडालं. माझ्यामुळे."

"हो का," म्हणाल्या. मागे गलका वाढला होता. "जरा थांबा हं, वर्ग चालू आहे."

फोन तसाच ठेवून त्या शिकवायला गेल्या. मी नळ बंद केला आणि ऐकत उभी राहिले.